पंचाला न दिसलेली जोडी

मुर्री असो की आमगाव, गोंदियाच्या बांध्यांत करपा दिसला की ट्रायसायक्लाझोलचा पंप पाठीवर चढतो. युरोपीय संघाने २०१७च्या अखेरीस या बुरशीनाशकाची तांदळातली मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१वर आणली. दहा टनांच्या ट्रकभर तांदळात जेमतेम दशांश ग्रॅम! एवढेसे दिसते तरी कसे?

ते शोधणाऱ्या द्रव क्रोमॅटोग्राफीचा स्तंभ म्हणजे झाडीपट्टीतला शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. नमुन्यातली रसायने एकत्र सोडली तरी प्रत्येक आपल्या चालीने धावते आणि आपल्या वेळेला बाहेर पडते. शेवटच्या रेषेवरचा पंच म्हणजे डिटेक्टर. मिखाईल त्स्वेत यांनी १९०३च्या सुमारास वॉर्सात पानांतली रंगद्रव्ये वेगळी केली, तेव्हा पंच होता त्यांचा डोळा. पुढे रंगहीन रसायनांसाठी अतिनील प्रकाश आला. रेणूने तो शोषला की नोंद. ट्रायसायक्लाझोलमधली वलये तो शोषतात. ज्या रेणूत असे काहीच नाही, तो मात्र रेषा ओलांडतो आणि पंचाची वही कोरीच राहते.

नेमका असा रेणू २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत सापडला. क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांचे ‘सीसीसी’. खरड छाटणीनंतर वेलीचा जोम आवरायला मारलेले हे औषध पुढे मण्यांत उरले. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम, माल अडकला. अतिनील प्रकाशाला ते जवळपास अदृश्य. पण त्याच्यावर कायमचा धनप्रभार असल्याने वस्तुमान मोजणाऱ्या डिटेक्टरला ते आयतेच सापडते. १२२चा आयन, फोडला की ५८चा तुकडा.



मग अडले कुठे? मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात अशी यंत्रे होती. पण निर्यातीच्या तपासणी-यादीत सीसीसी नव्हते. ‘एका झटक्यात शेकडो रसायने’ अशी जाहिरात असलेले यंत्रही नेहमीच्या तपासणीत सांगितलेलीच वस्तुमाने बघते. म्हणून अहवालात ‘आढळले नाही’ असे असेल, तर तपासलेल्या रसायनांची यादी मागावी आणि प्रत्येकापुढची किमान मोजमर्यादाही. त्याशिवाय त्या शेऱ्यावर निर्यातदाराने ट्रक भरू नये.