चवदार तळं आणि नगराध्यक्ष सुरबानाना

वरंधहून महाडला बाजाराला उतरलात की चवदार तळ्यावर जरा थांबा आणि सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस हे नाव आठवा. महाडचे नगराध्यक्ष, लोकांचे सुरबानाना. जातीने कायस्थ प्रभू. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. त्याला धरून 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळं अस्पृश्यांना खुलं केलं. पण कागदावरच! ओंजळभर पाणी घ्यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. त्या वेळच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महाड परिषदेमागे सुरबानाना उभे होते, स्वतःच्याच गावातल्या सवर्णांचा रोष पत्करून. हे धाडस मला फार मोठं वाटतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव फिरवला; नाना मात्र फिरले नाहीत. 1937 ला बाबासाहेबांच्याच स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधानसभेत निवडून गेले.