चॉकलेटची चकाकी कशातून येते?

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत फेरेरो कंपनीचा कारखाना २०११ पासून सुरू आहे. तिथे किंडर जॉय तयार होते. शेजारच्या इंदापूर तालुक्यात दुधाची भुकटी तयार होते. चॉकलेटमधला अवघड घटक मात्र दूध नव्हे, तर कोको बटर हा आहे.

कोको बटर गोठताना त्याचे सहा प्रकारचे स्फटिक बनू शकतात. त्यांपैकी पाचवा प्रकार चकाकी आणि तोडताना होणारा 'कट' आवाज देतो. तो सुमारे ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे तोंडातल्या उबेने वितळतो. हा प्रकार मिळवण्यासाठी डार्क चॉकलेट आधी ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवतात, २७-२८ अंशांपर्यंत थंड करतात आणि पुन्हा ३१-३२ अंशांवर आणतात. याला टेम्परिंग म्हणतात. ते चुकल्यास वडीवर पांढुरकी झाक येते. अशी वडी खाण्यास अपायकारक नसते.

घरगुती चॉकलेटच्या वर्गांत बहुधा कंपाउंड चॉकलेट वापरतात. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचा स्निग्धांश असल्याने टेम्परिंग लागत नाही. दोन्ही प्रकारांत भांडे, चमचा आणि साचा कोरडाच हवा; पाण्याच्या थेंबांनी वितळलेले चॉकलेट घट्ट, रवाळ होते. बारामती-इंदापूरचा उन्हाळा चाळिशी गाठतो, म्हणून शिकण्यासाठी हिवाळा सोयीचा.