स्टिरिओची तार आणि वऱ्हाडचा उन्हाळा

घरच्या स्टिरिओ संचात तीन कामांच्या तारा असतात. सीडी प्लेअर, टर्नटेबल किंवा फोनमधून निघालेला नाजूक विद्युत संदेश एक तार ॲम्प्लिफायरकडे नेते. तिथे तगडा झालेला तोच संदेश दुसरी स्पीकरपर्यंत पोचवते आणि तिसरी भिंतीतल्या बोर्डातून वीज आणते. ‘आवाज गोड करणारी’ म्हणून बाजारात या तिन्ही जातींची महागडी केबल मिळते. तारेचा आवाजावर परिणाम होतो, यात शंका नाही. तो कुठे होतो आणि कुठे होत नाही, याचा हिशेब शाळकरी पदार्थविज्ञानाने मांडता येतो. अमरावती-अकोल्याकडे त्या हिशेबात काळी जमीन, खारपाणपट्टा आणि कूलर यांचीही भर पडते.

सुरुवात स्पीकरच्या तारेपासून करणे सोयीचे. स्पीकरवर ‘८ ओम’ असे छापलेले असले तरी तो आकडा स्थिर नसतो. एखाद्या सुराला स्पीकरचा रोध ४ ओमपर्यंत उतरतो, तर खर्जातल्या एका ठिकाणी ३० ओमपर्यंत चढतो. तारेचा स्वतःचा रोध याच्या जोडीला येतो. तो जास्त असेल तर काही सूर जास्त दबतात, काही कमी, आणि स्पीकरचा मूळ तोल बिघडतो.

इलेक्ट्रिकच्या दुकानात आजही १४/७६, २३/७६, ४०/७६ अशा नावांनी वायर मागितली जाते. पहिला आकडा तारेतल्या बारीक धाग्यांचा, दुसरा धाग्याच्या जाडीचा, म्हणजे ०.००७६ इंचाचा. १४/७६ मध्ये तांबे जेमतेम ०.४१ चौरस मिलिमीटर भरते, ४०/७६ मध्ये सुमारे १.१७. दिवाणखान्यात १० मीटर अंतरावर स्पीकर ठेवला तर वीज जाऊन-येऊन २० मीटर तारेतून फिरते. एवढ्या लांबीला १४/७६ चा रोध ०.८४ ओम होतो. मग ४ ओमच्या जागी आवाज सुमारे १.७ डेसिबल खाली येतो आणि ३० ओमच्या जागी पाव डेसिबलच. सुरांमधली ही जवळजवळ दीड डेसिबलची तफावत सराईत कानाला कळते. ४०/७६ लावली की ती अर्ध्या डेसिबलवर येते, २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरला आणखी कमी. त्यापुढे तार जाड करून कानाला फारसे काही मिळत नाही. तारेचा रोध स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा, हा ढोबळ नियम यातूनच आला.

उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. त्यामुळे २० अंशांच्या हिवाळी सकाळपेक्षा मे महिन्याच्या दुपारी तोच रोध १० टक्के जास्त भरतो. हे ऐकायला मोठे वाटते, पण जाड तारेत आवाजातला फरक डेसिबलच्या काही शतांशांचाच पडतो. मोठ्या आवाजात तापलेल्या स्पीकरच्या कॉईलचा रोध याहून कितीतरी पटींनी वाढतो, त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. उन्हाळा खरा सूड उगवतो तो प्लॅस्टिकच्या वेष्टनावर आणि सांध्यांवर. पारदर्शक वेष्टनाची स्पीकर वायर काही वर्षांत आतून हिरवट पडते. बऱ्याचदा टोकाचे इंचभर तांबे काळवंडलेले असते आणि तेच खरखरीचे मूळ ठरते. टोक कापून, ताजे तांबे सोलून स्क्रू घट्ट आवळला की आवाज ‘उघडतो’. नव्या महाग केबलचे श्रेय पुष्कळदा या ताज्या सांध्याचे असते.

फसवणुकीची खरी जागा वेगळी आहे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार ‘कॉपर’ म्हणून खपवली जाते. तिचा रोध तांब्याच्या जवळजवळ दीडपट असतो. चाकूने धागा खरवडला की आतला पांढरा धातू दिसतो, आणि गुंडाळी हातात घेतली तर नको तितकी हलकी लागते. घरगुती वायरिंगची आयएस ६९४ मानकाची तांब्याची वायर स्पीकरलाही उत्तम चालते. चांदीच्या तारेचे कौतुक बरेच होते, पण चांदीचा रोध तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनीच कमी आहे. तेवढा फायदा तांब्याची तार किंचित जाड घेऊन काही रुपयांत मिळतो.

नाजूक संदेशाच्या तारेत रोधाला फारसे महत्त्व नाही; तिथे धारकता मोजायची. सीडी प्लेअरला मीटर-दोन मीटर केबल कोणतीही चालते. टर्नटेबलचे तसे नाही. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजची कॉईल साधारण अर्ध्या हेन्रीची धरली आणि तिला २०० पिकोफॅरड धारकता मिळाली, तर तिचा अनुनाद १६ किलोहर्ट्झच्या आसपास पडतो. लांब आणि भरमसाट धारकतेच्या केबलने ती ४०० वर गेली की अनुनाद ११ किलोहर्ट्झवर उतरतो. खंजिरीच्या चकत्यांची छनछन त्यामुळे बोचरी होते, किंवा तिच्या वरचे नाद गळून जातात. बारीक स्पीकर वायरखेरीज स्टिरिओत केबल बदलल्यावर सुराचा रंग खरोखर बदलतो, अशी जागा हीच. आणि तिथे मदतीला येते ती कमी लांबीची, साधी केबल.

आता गुणगुणीकडे. भीमराव पांचाळे यांच्या गायकीतली गझल चालू असताना गुणगुण जाणवत नाही. दोन मिसऱ्यांमधल्या, म्हणजे ओळींमधल्या, विरामात मात्र ५० हर्ट्झची घरघर उघडी पडते. ॲम्प्लिफायर एका बोर्डावर, सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या बोर्डावर, वर गच्चीवरून आलेली डिशची तार, असा गोतावळा जमला की अर्थिंगचे एक वेटोळे तयार होते आणि केबलच्या बाहेरच्या जाळीतून नको असलेला प्रवाह वाहू लागतो. जाळीचा रोध ०.१ ओम आणि प्रवाह १० मिलिअँपिअर असेल, तर १ मिलिव्होल्टची गुणगुण थेट संगीतात मिसळते. जॅकच्या कडीवर गंज चढून तो रोध वाढला, की गुणगुणही वाढते. कूलरच्या दमट हवेत असा गंज लवकर चढतो.

वऱ्हाडची काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. ओली असताना ती अर्थिंगला झकास; सुकून इलेक्ट्रोडपासून सुटली, की अर्थिंग नावापुरते उरते. दर्यापूर-अकोटकडच्या खारपाणपट्ट्यात उलटा पेच आहे. तिथली क्षारयुक्त माती वीज सहज वाहून नेते, पण जमिनीतला लोखंडी पाइप खाऊन टाकते. त्यात चौकोनी लहरीचा स्वस्त इन्व्हर्टर चालू असला तर ट्रान्सफॉर्मरच कुरकुरतो, आणि कूलरच्या वायरीशेजारून बांधलेली ऑडिओ केबल तिची घरघर उचलते. या दुखण्यांपुढे हजारो रुपयांची पॉवर केबल काही करू शकत नाही. भिंतीतली कित्येक मीटर साधी वायर ओलांडून आलेली वीज शेवटच्या दीड मीटरने शुद्ध कशी होणार? गुणगुण थांबावी म्हणून प्लगची तिसरी पिन कापणे हा मात्र शुद्ध अविचार. कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या इकडे उन्हाळ्यात येतच असतात.

केबलच्या वादात मोजमापे आणि डोळे झाकून घेतलेल्या चाचण्या दोन्ही झाल्या आहेत. फ्रेड डेव्हिस यांनी १९९१ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात १२ स्पीकर केबलींची मोजमापे मांडली. जो फरक दिसला त्याची मुळे रोध, प्रवर्तन आणि स्पीकर-ॲम्प्लिफायरची जोडी यांत होती. २००७ मध्ये जादूगार जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरची केबल साध्या केबलपासून कानाने ओळखणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ केले. ती चाचणी झालीच नाही. घरी तुलना करताना आवाजाची पातळी तंतोतंत सारखी ठेवावी लागते, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. कूलर बंद करणे तर ओघानेच आले. त्याच्या घोंघाटात केबलींची परीक्षा म्हणजे निव्वळ करमणूक.

ध्वनिमुद्रणात जे नाही ते केबल आणू शकत नाही. १९५६ साली मुंबईत मुद्रित झालेले गाडगेबाबांचे कीर्तन आज ज्या रूपात ऐकू येते, त्याच्या मर्यादा त्या दिवशीच्या मायक्रोफोनने आणि यंत्राने ठरवून टाकल्या आहेत. चांदीच्या तारेने त्या ओलांडता येत नाहीत. खर्च करायचाच असेल तर क्रम असा धरावा: स्पीकर आणि खोली आधी, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार त्यानंतर, सगळा संच एकाच बोर्डावर, आणि दर वर्षी जॅक पुसून सांध्यांची टोके ताजी. अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावे. त्याला खर्च काही नाही, आणि वऱ्हाडातल्या घरात कोणत्याही आयात केबलपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.