कागदाला काय सांगू?

दिवाळी अंकात असला विषय कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. फराळाचे ताट पुढे असताना आत्महत्येची गोष्ट कोणी काढते का? पण बीड जिल्ह्यात मानसोपचार विभागात परिचारिका म्हणून मी नोकरी केली, आणि तिकडची दिवाळी जरा निराळी असते. दसरा उलटला की ऊसतोडीचे ‘कोयते’, म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, बिऱ्हाड घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे. पणत्या लागतात, पण कित्येक दारांना कुलूप असते.

माझ्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगते. एक शेतकरी तपासणीला आला होता. माझ्यापुढे नऊ प्रश्नांचा छापील कागद होता. मरून गेलेले बरे, असे गेल्या दोन आठवड्यांत मनात आले का, हा त्यातला नववा प्रश्न. बाहेर रांग मोठी. मी भराभर विचारले, त्याने भराभर “न्हाई” म्हटले, मी खुणा केल्या. पंधरा दिवसांनी तोच गृहस्थ वॉर्डातल्या खाटेवर दिसला. नशिबाने वाचला होता.

“काका, त्या दिवशी का नाही बोललात?” मी विचारले.

छताकडे पाहत तो म्हणाला, “बाई, तुम्ही कागदाकडं बघून इचारलं. कागदाला काय सांगू?”

त्या दिवशी मी जेवले नाही.

२०१५ साली राज्य शासनाने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. बीड त्यात होते. घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंनी खचलेले माणूस ओळखावे आणि उपचारापर्यंत पोचवावे, अशी ती योजना. अशा कामासाठी माणसे तयार करायची म्हणजे काय करायचे, हे मी वर्गात बसून पाहिले आणि पुढे शिकवलेही.

दोन खुर्च्या समोरासमोर मांडायच्या. एकीने कर्जात बुडालेला शेतकरी व्हायचे, दुसरीने आरोग्यसेविका. ‘शेतकरी’ म्हणतो, “आता काही राम राहिला नाही.” लगेच ‘सेविका’ म्हणते, “असं बोलू नये, लेकराबाळांकडे बघा!” वाक्य मायेचे असते, पण पुढच्याचे तोंड तिथेच मिटते. त्याऐवजी “कधीपासून असं वाटतंय?” एवढेच विचारून गप्प बसायला शिकवावे लागते. गप्प बसणे हा सगळ्यांत अवघड धडा!

एक आशाताई घाबरत म्हणाली, “जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल ना?” ही भीती सर्वांनाच असते. पण विचारल्याने तो विचार रुजत नाही. उलट, कोणाशी तरी बोलता आले म्हणून माणसाला हलके वाटते, असेच अभ्यासकांना आढळले आहे.

लंडनमध्ये १९५३ साली चाड वारा नावाच्या पाद्रीबाबांनी अशा हताश लोकांसाठी टेलिफोन ठेवला. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. ताटकळणाऱ्यांना साधे स्वयंसेवक चहा देत, त्यांचे ऐकून घेत. पुष्कळांचे मन तेवढ्यानेच मोकळे होई. बाबांची गरजच उरत नसे!

गुणांची बेरीज करून कोण जगेल, कोण मरेल हे सांगता येत नाही. इंग्लंडच्या ‘नाईस’ या संस्थेने २०२२ साली तसे भाकीत करण्यासाठी मापनपट्ट्या वापरू नका, असेच बजावले. कागद हवा, पण बोलणे सुरू करण्यापुरता. नंतर त्या माणसाबरोबर बसून आणखी एक कागद लिहायचा: मन बिघडू लागल्याची खूण कोणती, तेव्हा काय करायचे, कोणाला हाक मारायची, घरातली फवारणीची औषधे कोणाच्या ताब्यात द्यायची. आमच्याकडे यात एक पेच असतो. श्रावणात लिहिलेली नावे कार्तिकात कारखान्यावर गेलेली असतात! म्हणून कोयते निघाले की ती यादी पुन्हा लिहावी लागते. कधी शेजारची म्हातारी, कधी शाळेचे गुरुजी.

“पोलिसांत जाईल” म्हणून घरचे लोक पूर्वी लपवीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरून त्याला शिक्षा होऊ नये असे ठरवले, आणि त्याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य केले.

पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हे बीडचे म्हणून बाजूला ठेवू नये. नापास झालेला मुलगा किंवा निवृत्तीनंतर अबोल झालेले वडील तुमच्याही घरात असतील. पाडव्याला ओवाळताना त्यांच्या डोळ्यांकडे पाहा, आणि मनात शंका आली तर सरळ विचारा. उत्तर ऐकून धीर सुटला, तर शासनाची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आहे. डॉक्टरांकडे एकट्याला धाडू नका, बरोबर जा.

ते काका पुढे दर महिन्याला औषधाला येत. आले की आधी माझ्या हातात कागद आहे का ते पाहत, आणि हसत. मी कागद खाली ठेवी, आणि मग ते बोलत.