ते बांडगूळ नव्हे!
झाडावर राहून पावसाचा थेंब जपणाऱ्या मुळांची गोष्ट

परभणीकडचा मे महिना कसा असतो, हे येथल्या माणसांना सांगायला नको. पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, काळ्या जमिनीला भेगा पडतात, विहिरी तळ गाठतात आणि आयाबहिणींची हंडाभर पाण्यासाठी पायपीट सुरू होते. २०१६ साली तर शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात आंब्याच्या, मोहाच्या किंवा बाभळीच्या फांदीवर कधी कधी जाड, चिवट पानांचा एक हिरवा झुपका दिसतो. त्याच्या मुळांना माती नाही. त्याला कोणी तांब्याभर पाणीही घालत नाही. मग ते जगते कशावर?

"झाडाचा रस पिऊन!" असे उत्तर आपल्याकडे चटकन मिळते. बांडगूळ समजून त्याला कोयत्याने खरवडून टाकणारेही आहेत. पण हा त्या वनस्पतीवर उघड अन्याय आहे.

ती आहे रास्ना. शास्त्रीय भाषेत व्हॅन्डा टेसेलाटा. ऑर्किडच्या, म्हणजे आमरीच्या कुळातील ही वनस्पती मराठवाड्यासारख्या कोरड्या भागातही तग धरते. बांडगूळ फांदीच्या आत शिरून झाडाचे पाणी व क्षार ओढून घेते. जेथे ते शिरते तेथे फांदीवर गाठ आलेली दिसते. रास्नेची मुळे मात्र सालीला नुसती चिकटलेली असतात, काही तर हवेतच लोंबत असतात. झाडाकडून ती बसायला जागा तेवढी घेते, अन्न घेत नाही.

मुळाचा पांढरा अंगरखा

रास्नेचे मूळ सुतळीहून जाड आणि राखी-पांढरे असते. हा पांढरेपणा त्याच्या अंगावरील आवरणाचा. शास्त्रज्ञ त्याला 'वेलामेन' म्हणतात. लॅटिन भाषेत याचा अर्थ आच्छादन. हे आवरण मेलेल्या, पोकळ पेशींच्या थरांचे बनलेले असते. कोरडे असताना पेशींत हवा भरलेली असते, म्हणून ते पांढरे दिसते. पावसाचे पाणी पडले की स्पंजाप्रमाणे ते पाणी शोषते आणि पाहता पाहता मूळ हिरवे होते. पांढरे धोतर भिजले की आतले अंग दिसू लागते ना, तसेच हे आहे. आतल्या जिवंत पेशींतील हरितद्रव्य बाहेरून दिसू लागते. पानांप्रमाणे ही मुळेही सूर्यप्रकाश वापरतात.

मुलांनो, हे पाहायला प्रयोगशाळा नको. जवळपास रास्ना असेल तर ती न तोडता तिच्या कोरड्या मुळावर पेलाभर पाणी ओता आणि रंग बदलताना पाहा.

मेलेल्या पेशी पाणी धरतात, पण आत घेतात कसे? आवरणाच्या खाली जाड भिंतींच्या पेशींचा एक थर असतो. त्यातून पाणी सहज जात नाही. मात्र त्यात मधून मधून पातळ भिंतींच्या पेशी असतात. त्या जणू दारे. तेथूनच पाणी आत जाते.

२०१३ साली जर्मनीतील ओल्डेनबर्ग विद्यापीठातील झोट्झ आणि विंकलर या शास्त्रज्ञांनी यावरचे संशोधन प्रसिद्ध केले. आवरण काही सेकंदांत पाणी शोषते, पण ते वाळायला कित्येक तास लागतात, असे त्यांना आढळले. पाण्यासोबत आलेले क्षारही ते धरून ठेवते. पहिल्या पावसात फांद्यांवरची धूळ, पाखरांची विष्ठा धुऊन खाली येते. मातीविना जगणाऱ्या या रोपाचे खत तेच!

पाणी राहते कोठे?

मुळावरचे आवरण काही तासांपुरते पाणी धरते. दीर्घकाळचा साठा असतो जाड पानांत. काही ऑर्किडना त्यासाठी फुगीर खोडेही असतात. आणि खर्चात काटकसर किती! रास्ना दिवसा उन्हात पानांची सूक्ष्म छिद्रे मिटून घेते आणि रात्री गारव्यात उघडते. त्यामुळे पाणी कमी उडते. हाती आलेले झटपट घ्यायचे आणि जपून खर्चायचे, हा संसार आपल्या घरातील बाईला वेगळा शिकवावा लागत नाही!

ही मुळे हवेतली वाफ पिऊन जगतात, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. त्यांना पाण्याचा थेंबच लागतो, मग तो पावसाचा असो वा दवाचा.

म्हणूनच हे रोप उपटणे सोपे असले तरी पुन्हा उगवणे अवघड असते. रास्नेच्या एका शेंगेत धुळीसारख्या हजारो बिया असतात, पण बीमध्ये अन्नाची शिदोरी नसते. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच बी रुजते. पुढे फूल यायला वर्षे लागतात. औषधासाठी होणारी लूट आणि जुन्या झाडांची तोड यांमुळे तिच्या जागा कमी होत आहेत.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी फांदीवर असा झुपका दिसला तर कोयता उचलण्यापूर्वी त्याची मुळे पाहा. सालीवर पांढरी दोरी पसरलेली दिसली, तर हात आवरा. आंब्याचे त्यात काही जात नाही.