अमरावतीची गोळी कोणाच्या आदेशाने सुटली?

१४ नोव्हेंबर २००६. खैरलांजीतील हत्याकांडाला दीड महिना झाला होता. २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातील त्या गावात सुरेखा भोतमांगे, प्रियंका, रोशन आणि सुधीर या चौघांना गावातील जमावाने ठार मारले. सुरुवातीला मोठ्या वृत्तपत्रांना ती बातमीच वाटली नाही. समाज स्वतःहून रस्त्यावर उतरला, तेव्हा कुठे सरकारचे डोळे उघडले. नागपूर, यवतमाळ, अकोला, अमरावती, सारा विदर्भ पेटून उठला होता. त्या दिवशी अमरावतीत पोलिसांनी गोळीबार केला आणि एक आंबेडकरी तरुण जागीच गेला. चौघांच्या मरणाचा जाब विचारणाऱ्या गर्दीतला तो पाचवा!

हा गोळीबार आवश्यक होता काय? हा प्रश्न आम्ही आजही विचारतो. तो विचारला की लगेच उलट प्रश्न येतो, दगडफेक झाली नव्हती काय? झाली असेल. वाहनांची नासधूसही झाली असेल. क्षणभर ते सारे मान्य करू. पण दगडाला गोळी हे उत्तर कोणत्या कायद्यात लिहिले आहे?

कायदा काय सांगतो ते आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ प्रमाणे जमाव बेकायदेशीर ठरला, तर कार्यकारी दंडाधिकारी, ठाणे अंमलदार किंवा त्याच्या गैरहजेरीत किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी आधी पांगण्याचा आदेश देतो. जमाव पांगला नाही तरच बळाचा वापर. तोही पायरीपायरीने. इशारा, लाठी, अश्रुधूर आणि सगळे उपाय थकल्यावर शेवटी बंदूक. बंदूक चालवावीच लागली तर नेम खाली, कमरेखाली धरायचा. जमावाला पांगवणे हा हेतू. माणूस मारणे हा हेतू नव्हे. १ जुलै २०२४ पासून संहितेचे नाव बदलून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता झाले, कलम १४८ झाले, पण तत्त्व तेच आहे.

म्हणून कोणत्याही गोळीबाराची तपासणी करताना जमाव किती भडकला होता याच्या वर्णनात आम्हाला रस नाही. ते वर्णन पोलीसच लिहितात. आमचे प्रश्न साधे आहेत. आदेश कोणी दिला? तो लेखी नोंदला आहे काय? इशारा लोकांना ऐकू गेला काय? किती फैरी झाडल्या आणि किती काडतुसे परत जमा झाली? आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे गोळी शरीरावर कोठे लागली? शवविच्छेदनाचा अहवाल कोणाचे बयान बदलून लिहून घेता येत नाही. कमरेच्या वर लागलेली एक गोळी दहा पानांच्या पोलीस अहवालाला खोटे पाडू शकते.

हे आम्ही हवेत बोलत नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला. संतापलेले लोक महामार्गावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाने दहा जणांचे बळी घेतले. तेव्हाही पोलिसांकडे सबब तयार होती. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणे! न्यायमूर्ती गुंडेवार आयोगासमोर ती सबब टिकली नाही. गोळीबार असमर्थनीय होता, असे आयोगाने १९९८ च्या अहवालात म्हटले. गोळीबाराचा आदेश देणारा उपनिरीक्षक मनोहर कदम याला सत्र न्यायालयाने मे २००९ मध्ये जन्मठेप दिली. म्हणजे बारा वर्षे लागली! त्यानंतर उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन जामीनही दिला. गोळीबारानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले, हे ज्यांना आठवते त्यांना या बारा वर्षांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

अमरावतीच्या वेळी सबब वेगळी होती. आंदोलनामागे नक्षलवादी आहेत, असे तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी जाहीर केले. आमच्या आयाबहिणी, कॉलेजची पोरे, रोजंदारीवर जाणारी माणसे, सगळे एका रात्रीत नक्षलवादी? या एका शब्दाने पोलिसांचे काम सोपे झाले. नक्षलवाद्यावर झाडलेल्या गोळीचा हिशेब कोण मागतो? गंमत अशी की त्याच दिवसांत सरकारला खैरलांजीचा तपास सीबीआयकडे द्यावा लागला. म्हणजे लोकांची मागणी रास्त होती हे सरकारनेच कबूल केले. फक्त ती मागणी करणारा माणूस जिवंत राहिला नाही.

गोळीबार करणाऱ्यांना कायद्याचे दुहेरी कवच आहे. कलम १३२ प्रमाणे (आता १५१) शासनाच्या मंजुरीशिवाय त्यांच्यावर खटला चालत नाही. चौकशी आयोगाचा अहवाल शासनावर बंधनकारक नसतो. म्हणजे ज्या शासनाच्या पोलिसांनी गोळी झाडली, त्याच शासनाने खटल्याला परवानगी द्यायची! चकमकीतील मृत्यूंबाबत सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ च्या निकालात सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात गुन्हा नोंदवणे, सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून तपास, दंडाधिकारी चौकशी हे सारे आले. त्या मुख्यतः चकमकींसाठी आहेत. पण मोर्चातला मेलेला माणूस चकमकीतल्या मेलेल्यापेक्षा स्वस्त आहे काय? त्या सूचना जमावावरील गोळीबारालाही लागू कराव्यात, ही मागणी आपल्या वकिलांनी न्यायालयापुढे नेली पाहिजे.

खैरलांजीच्या खटल्यात सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून २५ वर्षांची शिक्षा केली. अॅट्रॉसिटी कायदा मात्र कोठेच टिकला नाही. भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये गेले. त्या खटल्याची निदान एक फाईल तरी झाली. अमरावतीच्या गोळीची फाईल कोणत्या कपाटात आहे?

माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. अमरावतीच्या वकील मंडळींनी आणि तरुणांनी त्या दिवसाच्या स्टेशन डायरीची, बिनतारी संदेशांच्या नोंदींची, काडतुसांच्या हिशेबाची आणि दंडाधिकारी चौकशीच्या कागदांची मागणी करावी. नोंदी नष्ट केल्या असे उत्तर आले, तर कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने नष्ट केल्या हे विचारणारा दुसरा अर्ज लगेच द्यावा. अकोल्यातही तेव्हाच्या आंदोलनाचे ज्यांच्यावर गुन्हे दाखल झाले, त्यांनी आपापली कागदपत्रे एकत्र आणावीत. इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ जमणाऱ्या मंडळींनी या १४ नोव्हेंबरच्या आत पहिला अर्ज टाकावा.