घर शाकारलं का?



आपल्यापैकी बऱ्याच जणांनी एकदा तरी कॉट्सवोल्ड्सची सहल केली असेल आणि बायबरी गावात आर्लिंग्टन रोसमोर उभं राहून फोटोही काढला असेल. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लोकर साठवायला बांधलेली ही इमारत पुढे सतराव्या शतकात विणकरांची घरं झाली. पुढच्या वेळी तिचं छप्पर जरूर बघा. दगडाच्या पातळ फरश्या वळचणीला मोठ्या असतात आणि आढ्याकडे लहान होत जातात. भिंतीही त्याच भागातल्या दगडाच्या.

गेल्या मे महिन्यात तिथून परततानाच गाडीत काकांचा फोन आला. आमच्या गुहागरच्या घराचा एक वासा वाळवीनं खाल्ला होता. काकांनी विचारलं, "दुरुस्ती करायची, की स्लॅब टाकून मोकळं व्हायचं? तुम्ही मुलं ठरवा." आपल्यापैकी अनेकांना असा फोन येतो. उत्तर देण्याआधी ते घर कसं चालतं, हे माहीत असलेलं बरं. म्हणून आजचा विषय कोकणातलं कौलारू घर.

सुरुवात जांभ्या दगडापासून करू. चिरेखाणीतून काढताना जांभा मऊ असतो, त्यामुळे त्याचे चौकोनी चिरे सहज कापता येतात. हवा लागली की तो कडक होतो. म्हणूनच घर, विहीर, गडगा, पाखाडी सगळं याच दगडाचं. गुहागरसारख्या गावात समुद्राला समांतर एक लांबच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना घरं आणि घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या अशी रचना दिसते. कोकणातल्या किनाऱ्यावरच्या अनेक गावांची आखणी थोड्याफार फरकानं अशीच आहे.

आता पाऊस. लंडनला वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीकडे ३००० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत! म्हणून छप्पर चांगलं उतरतं. वळचण भिंतीच्या पुढे येते, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. जोतं उंच असतं. घराला लागून पडवी असते, ती आतल्या भिंतीला पाऊस लागू देत नाही आणि माणसांना बसायला जागाही देते. मग ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि मागे परसू. वर माळा. दुपारचं ऊन कौलांवर कितीही तापलं, तरी माळ्यामुळे त्याची झळ खाली कमी पोहोचते. गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जाते.

आपण ज्यांना मंगलोरी कौलं म्हणतो, ती फार जुनी नाहीत. बाझेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि तिथून ही चपटी, एकमेकांत अडकणारी कौलं पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्याआधी घरावर नळीची कौलं असत, नाहीतर गवत. म्हणजे आपल्या आजे-पणज्यांनीही नवी वस्तू स्वीकारली होती. पण ती जुन्या भिंतींना आणि वाशांना पेलणारी होती.

स्लॅबचं तसं नाही. मातीत रचलेल्या जुन्या भिंतींना त्याचं ओझं सहसा झेपत नाही. त्यामुळे "स्लॅब टाकू" याचा अर्थ बहुतेक वेळा "घर पाडू" असाच होतो. शिवाय काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्री ती उष्णता आत सोडतं. खाऱ्या हवेत त्यातल्या लोखंडी सळ्याही गंजतात.

मग लोक स्लॅब का टाकतात? कारण कौलारू घराला दरवर्षी माणूस लागतो. पावसाळ्याआधी घर शाकारायचं म्हणजे कौलं उतरवून झाडायची, फुटकी बदलायची, रिपा तपासायच्या. एक कौल सरकलं तरी पाणी वाशावर ठिबकतं, वासा कुजतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत छप्पर खाली बसतं. पूर्वी चूल रोज पेटत असे, तिच्या धुरानं लाकडाला कीड कमी लागे. जमीन सारवली जाई, दारं उघडली जात. बंद घरात यातलं काहीच होत नाही.

कॉट्सवोल्ड्समधली घरं टिकली, कारण त्यांत माणसं राहतात आणि नोंदलेल्या वारसा इमारतीचं छप्पर परवानगीशिवाय बदलता येत नाही. आपल्या घराला असा कायदा नाही. तिथे निर्णय घेणारे आपणच, भावंडं आणि चुलत भावंडं.

आमच्याकडे पैशांवरून वाद झालाच नाही. लंडन, पुणे, दुबई, सगळ्यांनी लगेच हो म्हटलं. अडलं ते एका प्रश्नावर: काकांनंतर दर मे महिन्यात तिथे उभं कोण राहणार? शेवटी पाळी लावली. या वर्षी पुण्याचा भाऊ, पुढच्या वर्षी मी. वासा किंजळीचा घातला. पाळी किती वर्षं टिकेल, माहीत नाही. पण यंदाचा पाऊस घरानं कोरड्या अंगानं काढला.

या सुट्टीत गावी जाणार असाल, तर मुलांना माळ्यावर न्या. वासा, रीप, आढं हात लावून दाखवा. आणि गावी फोन कराल, तेव्हा तब्येतीबरोबर एवढंही विचारा: घर शाकारलं का?